फळावरचं बटण

सप्टेंबरच्या अखेरीस सातारा-महाबळेश्वरकडचे सडे सोनकीने पिवळे होतात, तेरड्याने गुलाबी होतात. माणसं लांबून येतात ती या रंगांसाठी. मी तेव्हा कातळावरच्या बोटभर मातीशेजारी गुडघे टेकून बसलेला असतो. समोर केसासारख्या बारीक पात्यांचा, वीतभर उंचीचा तपकिरी झुबका. येणारे-जाणारे त्याला गवत म्हणतात. ते गवत नव्हे, लव्हाळ्याचं भावंड आहे.

गवताच्या काडीला पेरं असतात, लव्हाळ्याच्या दांड्याला बहुधा नसतात. गवताची पानं दोन ओळींत, याची तीन ओळींत. गवताच्या पानाचं आवरण एका बाजूने उघडं, याचं नळीसारखं बंद. दांडा बोटांत फिरवला की तीन धारा लागतात, असं सगळे शिकवतात. पण इतक्या बारीक दांड्यावर बोट फसतं. तिथे आवरणच पाहावं.

कुळ कळलं तरी खरी अडचण पुढेच असते. या सड्यांवर फिम्ब्रिस्टायलिस आणि बल्बोस्टायलिस या दोन्ही प्रजाती शेजारी शेजारी वाढतात, आणि कोवळ्या वयात त्या जुळ्यांसारख्या दिसतात. विद्यार्थी असताना मी ऑगस्टमध्ये एक झुबका फुलावर असतानाच गोळा केला आणि चिठ्ठीवर ठामपणे ‘फिम्ब्रिस्टायलिस’ लिहिलं. दीड महिन्याने त्याच खळग्यापाशी गेलो. कणसं पिकली होती. एक तळहातावर चोळलं, खवले फुंकरीने उडवले. उरली ती एक मिलिमीटरहूनही लहान, तीन कडांची फळं. दहापट भिंग डोळ्याला लावलं, तर प्रत्येक फळाच्या माथ्यावर एक इवलं गडद बटण!

ते बटण म्हणजे कुक्षिवृंताचा, फुलातल्या बीजकोशावरच्या बारीक दांड्याचा, फुगीर बुंधा. फिम्ब्रिस्टायलिसचा कुक्षिवृंत बुंध्यासकट गळतो आणि फळाचा माथा मोकळा राहतो. बल्बोस्टायलिसमध्ये वरचा भाग गळतो, बुंधा मात्र फळाला चिकटून राहतो. फुलात दोघांचाही कुक्षिवृंत जागेवरच असतो, मग फरक दिसणार कुठून? त्या रात्री चिठ्ठी बदलली.

मग पानाच्या आवरणाचं तोंड पाहिलं. तिथे लांब पांढरे केस होते. तेही बल्बोस्टायलिसचंच लक्षण, आणि ते ऑगस्टमध्येही तिथे असणारच. मी पाहिलं नव्हतं, कारण नाव आधीच ठरवून बसलो होतो. पुढे जात ओळखायची ती तुऱ्यावरून. बल्बोस्टायलिस बार्बाटा या जातीची कणसं एका गोळ्यात दाटतात, खवल्यांची टोकं बाहेर वळलेली. माझ्या झुबक्यात कणसं सुटी, बारीक देठांवर, खवले सरळ. बल्बोस्टायलिस डेन्सा.

हे एवढं कशासाठी, असं लोक विचारतात. मला वाटतं, फुलांना नावं आणि यांना नुसतं ‘गवत’ म्हणणं हा अन्याय आहे. कातळावरची ती बोटभर माती अशाच झुबक्यांच्या मुळांत अडकून राहते.

कासचं पठार जागतिक वारसा स्थळात मोडतं. तिथली काडीही तोडू नका. पण गावामागच्या एखाद्या सड्यावर ऑक्टोबरात जा, भिंग खिशात ठेवा. झुबका उपटायची गरज नाही, पिकलेलं एक कणीस पुरतं. आणि माथ्यावर बटण आहे की नाही हे दिसेपर्यंत चिठ्ठी कोरी ठेवा.