नीली झील

ठोसेघरचा धबधबा बघत वाढलेला मी, दिल्लीत पोस्टिंग आल्यावर असोला-भाटीच्या अरवलीला टेकाड म्हणून हसलो होतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची ही पहिलीच लांबची चाल; पुढच्या महिन्यात मेडिकल बोर्ड. वेड्या बाभळीचे काटे, सुटे दगड, डोक्यावर ऊन. दुपारपर्यंत बाटली रिकामी झाली, गुडघा ठणकू लागला.

तेवढ्यात खाली नीली झील दिसली. जुन्या खाणीचा खड्डा, आणि कड्यावरून कोसळणारं, पंपाने चढवलेलं पाणी. इथल्या उजाड खाणींवर टेरिटोरियल आर्मीच्या इको टास्क फोर्सने झाडं लावली आहेत, आपल्यासारख्याच जवानांनी. हसू विरलं.

सावलीत अर्धा तास बसलो. परतीची वाट काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी पुरी केली.