परदेशी दंडाची पावती

सन २०२४ च्या जून महिन्यात एके दुपारी टपालवाल्याने सही घेऊन इटलीहून आलेले एक जाड पाकीट माझ्या हाती ठेवले. तेथे माझे काही गुरुबंधू आहेत. त्यांच्यापैकी कोणाचे पत्र असावे, अशा समजुतीने मी ते आनंदाने फोडले. आत होती दंडाची नोटीस!

त्यापूर्वी आठ महिने, ऑक्टोबर २०२३ मध्ये, मी व माझे थोरले बंधू इटलीस यात्रेला गेलो होतो. दादा शेतकरी, गुडघ्यांमुळे स्टेशनांचे जिने चढणे त्यांना जमेना. म्हणून चार दिवसांपुरती भाड्याची मोटार घेतली. इंदूरच्या आर. टी. ओ. कचेरीतून वर्षभर चालणारा आंतरराष्ट्रीय परवाना मी आधीच काढून ठेवला होता. भय होते ते डाव्या बाजूची सवय मोडून उजव्या बाजूने हाकण्याचे, आणि माझे सारे लक्ष तिकडेच लागले होते.

इटलीतील जुन्या शहरांचा गाभा अरुंद गल्ल्यांचा असतो. इंदुरात राजवाड्याजवळची सराफ्याची गल्ली ज्यांनी पाहिली असेल, त्यांना कल्पना येईल. म्हणून फ्लॉरेन्स, पिसा, रोम अशा शहरांनी त्या भागात ठरावीक वेळी बाहेरच्या मोटारींना बंदी केली आहे. बहुधा अडसर नसतो, शिपाई नसतो; तांबड्या वर्तुळाची पाटी असते आणि वर बसविलेला कॅमेरा प्रत्येक गाडीचा क्रमांक टिपतो. पाटीजवळ दिव्यांची अक्षरे उमटतात: ‘वार्को अत्तीव्हो’.

अशाच एका वेशीपाशी दादांनी विचारले, “फादर, ही पाटी काय म्हणते?” दीक्षा झाल्यापासून दादाही मला फादरच म्हणतात. सेमिनरीत शिकलेल्या थोड्याशा लॅटिनचा मला त्या वेळी मोठा भरवसा वाटला. “वाट चालू आहे, दादा,” असे म्हणून मी मोटार आत घातली. अर्थ अगदी उलट होता. वेशीवरचा पहारा चालू आहे, सबब प्रवेश बंद, असे ती पाटी बजावीत होती.

नोटीस आली तेव्हा वस्तीतील एक तरुण माझ्या खोलीत बसला होता. इंदूरच्या एका चौकात तांबडा दिवा ओलांडल्याबद्दल कॅमेऱ्याने त्याच्या दुचाकीचे ई-चलन काढले होते, आणि ते न भरताच तो हिंडतो म्हणून मी त्याला चांगलेच बोललो होतो. कागद पाहून तो हसला. “फादर, एवढ्यासाठी इटलीचे पोलीस काय इंदुरास येणार? फाडून टाका!”

मी उत्तर दिले नाही. खरे सांगतो, त्या रात्री मीही तोच विचार करीत होतो. दंड ८३ युरोंचा, वर टपालाचा व चौकशीचा खर्च. मिळून सुमारे नऊ हजार रुपये. पाटीची भाषा परकी, चूक अजाणता घडलेली, नोटीस आठ महिन्यांनी आलेली. शिवाय मोटार कंपनीने माझ्या कार्डावरून काही युरो पूर्वीच कापून घेतले होते. तोच दंड असे मी धरून चाललो होतो. परंतु कागद नीट वाचता उमगले, की ते पैसे माझे नाव व पत्ता पोलिसांना कळविण्याच्या कामाचे होते, दंड निराळा. परदेशस्थास नोटीस पाठविण्यास तेथील कायदा ३६० दिवसांची मुदत देतो, हेही कळले. सबबी एकामागून एक उभ्या राहिल्या, आणि त्यांतील बहुतेक मी त्या तरुणाच्या तोंडून ऐकून खोडून काढल्या होत्या.

सकाळी भाड्याचा करारनामा काढून गाडीचा क्रमांक, तारीख व ठिकाण ताडून पाहिले. कारण हल्ली खोटी मागणीपत्रेही येतात. सारे जुळले. नोटिशीत लिहिले होते, की पाच दिवसांच्या आत भरल्यास दंडात ३० टक्के सूट. साठ दिवसांनंतर मात्र रक्कम वाढते. तडक बँकेत गेलो. परदेशी पैसे पाठविण्याचा ए-२ अर्ज भरताना कारकुनाने विचारले, “फादर, कारण काय लिहू? शिक्षण, औषधोपचार, देणगी?”

“दंड,” मी म्हणालो. रांगेतील चार माणसांनी वळून पाहिले. पैसे तिसऱ्या दिवशी पोचले व सूट मिळाली.

दादांना फोनवर हकीकत सांगितली. क्षणभर थांबून ते म्हणाले, “अर्धे पैसे माझे. पाटी मीच आधी पाहिली होती. तुम्हाला थांबवायला हवे होते.”

वाचकहो, आपली मुलेबाळे आज आखातात, युरोपात जाऊन मोटारी हाकतात. त्यांना एवढे अवश्य सांगावे: पाटी समजली नाही तर गाडी बाजूस लावून कोणास तरी विचारावे, आणि भाड्याचा करारनामा निदान वर्षभर जपून ठेवावा.

पावती मी टेबलावरच ठेवली होती. चार दिवसांनी त्या तरुणाने ती उचलून दोनदा वाचली. “खरेच भरलेत, फादर?” त्याने विचारले. “भरले,” मी म्हणालो. त्याने आपले चलन भरले की नाही, हे मी अद्याप विचारलेले नाही. पूर्वी विचारीत असे. पण तेव्हा माझ्यापाशी दाखवावयास पावती नव्हती.