मृगाचा माल

नागपूरच्या नंदनवनात संध्याकाळच्या वर्गाला मी मार्केटिंग शिकवते. मुलं दिवसा कुठे ना कुठे कामाला. कुणी मोबाइलच्या दुकानात, कुणी विम्याच्या पॉलिसी विकत फिरणारं. रॉबर्ट चियाल्डिनीचं १९८४ सालचं पुस्तक आमच्या विषयाचा कणा. परतफेड, बांधिलकी, चारचौघांचं पाहून करणं, आवड, अधिकार, टंचाई ही त्यातली सहा तत्त्वं मुलं वहीत उतरवायची आणि पेपरात ओतायची. मला मात्र त्या पुस्तकामागची हकीकत जास्त भावते. चियाल्डिनी हे प्राध्यापक, पण मोटारी विकणाऱ्यांत, देणग्या मागणाऱ्यांत शिकाऊ म्हणून शिरले होते. विद्या मूळची बाजाराचीच.

म्हणून एका मार्चात वर्गच सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात नेला. घ्यायचं काही नाही, नुसतं बघायचं.

एका संत्रेवाल्यापाशी आम्ही बराच वेळ रेंगाळलो. मूल कडेवर घेतलेली एक बाई घाईत चालली होती. त्यानं अंगठ्यानं साल उकलली, फोड सोडवली आणि बाईपुढे न करता लेकरापुढे धरली. "खाऊ द्या न ताई लेकराले. घ्याचं नाही घ्याचं, ते मंग पाहू." लेकरानं फोड तोंडात घातली, बाई थांबली. तोवर पिशवी त्याच्या हातात आलीच होती. "मृगाचा माल हाय, आता सपत आला." बाईनं भावावरून चांगलीच घासाघीस केली आणि संत्री घेऊन गेली. वर्गातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, भाव पाडला त्यांनी. पण घ्यायचं की नाही, हा प्रश्नच राहिला नाही."

डेनिस रीगनचा १९७१ चा प्रयोग मी तिथेच सांगितला. न मागता कोकची बाटली आणून देणाऱ्याकडून लोकांनी लॉटरीची तिकिटं जवळजवळ दुप्पट घेतली, तो माणूस आवडला असो वा नसो. एरवी या प्रयोगाला वर्ग जांभया देतो.

विमावाल्या मुलानं विचारलं, "मग ही फसवणूकच ना?" मला तसं वाटत नाही. मृगाचा बहार मार्चात खरंच ओसरत येतो, फोड आंबट निघाली तर बाई पुढे चालू लागते, आणि पुढच्या बुधवारी तो संत्रेवाला तिथेच बसलेला असतो.

मोबाइलवरच्या दुकानाला असा बुधवार नसतो. वर्गात आम्ही एका ॲपवरचं 'ऑफर संपायला दहा मिनिटं' हे घड्याळ बघत बसलो. पान बंद करून उघडलं, घड्याळ पुन्हा दहावर! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ क्लृप्त्यांची यादीच काढली. खोटी घाई, न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, सगळं त्यात आहे. मुलांनी आपापल्या फोनमधून नमुने इतके आणले, की तो तास तासात मावला नाही.

तेव्हापासून व्याख्या विचारणं मी सोडलं. आता प्रश्न असा: तुम्ही विकता त्या मालाची एक जाहिरात घ्या, तेच वाक्य त्याच गिऱ्हाइकाला पुढच्या आठवड्यात तोंडावर म्हणता येईल का? विमावाल्यानं लिहिलं, "आमच्याकडे 'आज शेवटचा दिवस' दर महिन्याला असतो. गिऱ्हाईक बदलतं, म्हणून चालतं." त्याला पैकीच्या पैकी दिले. पेपर परत घेताना तो म्हणाला, "मॅडम, हे आमच्या साहेबांना दाखवू नका."