बाखरबाबांनी ओळखलेली तहान



आमच्या जाफराबादला केळणा आणि पूर्णा या नद्या एकमेकींना भेटतात. कामानिमित्त तालुक्यात फिरताना आता जागोजाग मिरची-टोमॅटोच्या बियाण्याची शेडनेट दिसतात. थोड्या जमिनीत चार पैसे येतात, मुले शिकतात, पत्र्याच्या जागी स्लॅबचे घर उभे राहते. शेतीखात्यात उमर गेलेल्या माझ्यासारख्याला याचा आनंदच वाटतो. पण शेजारीच नवा बोअर दिसतो, तोही जुन्यापेक्षा खोल. तेव्हा काळजी वाटते.

आई सांगायची, १९७२ च्या दुष्काळात ज्वारी मिळेना, पण विहिरीच्या तळाशी पिण्यापुरते पाणी होते. २०१२ च्या दुष्काळात घरात धान्य होते, पाणी मात्र टँकरने आले. आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या. चाळीस वर्षांत आपण भूक मागे टाकली, तर तहान पुढे उभी!

ही तहान एका परक्या मुलखातल्या माणसाने लवकर ओळखली. फादर हर्मन बाखर १९४८ साली स्वित्झर्लंडहून आले आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खेड्यापाड्यांत राबले. लोक त्यांना बाखरबाबा म्हणत. डोंगर उघडा पडला की पाणी आणि माती दोन्ही जातात, हे त्यांनी हेरले. त्यांच्या पुढाकाराने भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. अट एकच नव्हती: आधी गावाचे श्रमदान, मग कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. आपल्या जालना तालुक्यातील कडवंचीत याच कार्यक्रमातून १९९६ पासून माथ्यापासून पायथ्यापर्यंत कामे झाली. आज तेथे द्राक्षबागा आहेत. वाट दाखवणारा बाहेरचा असला, तरी घाम गावकऱ्यांचाच होता.

आपण मात्र एक गल्लत करतो. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यात बोअरचे पाणी भरले, की पाणी वाढले असे समजतो. ती नुसती साठवण झाली. जमिनीतले पाणी वर आणून उन्हात ठेवले, त्यातले काही वाफ होऊन उडणारच. जिरवण होते ती बांधबंदिस्तीने, समतल चराने, नाल्यावरच्या बंधाऱ्याने.

म्हणून एक विनंती. पावसाळा संपला, की गावातल्या दहा-वीस विहिरींत दोरी सोडून पाणी मोजा. आकडे ग्रामसभेत मांडा. मग ठरवा, यंदा किती प्लॉट लावायचे. माय-बहिणींनाही त्या सभेला बोलवा, कारण घागर त्यांच्याच डोक्यावर असते. पैशांचा हिशेब आपण ठेवतोच, पाण्याचाही ठेवू या.