पाठभेद

आम्ही उभयता मराठी शिकवतो. पाठभेद आणि अपपाठ यांतला फरक विद्यार्थ्यांना समजावून देणे हा आमचा दरवर्षीचा नेम. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे सांगताना लेखनिकाच्या प्रमादांविषयी आमच्या स्वरात थोडा तुच्छतेचा सूर येई.

मूल होण्यापूर्वी रक्ततपासणी केली, तेव्हा दोघांच्याही अहवालांत ‘एएस’ अशी एकच नोंद निघाली. आम्ही दोघेही सिकलसेलचे वाहक. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ मध्ये दाखवले. जनुकात ‘जीएजी’चे ‘जीटीजी’ होते. बदलते ते मधले एक अक्षर. आमच्याकडे जनुकाची एक प्रत नेहमीची, दुसरी या बदलाची.

त्या रात्री आम्ही त्याला अपपाठच म्हणालो. मग वाचनात आले, की अशी एकच प्रत असलेल्यांना मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते; अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून हे मांडले होते. आमची दोन्ही घराणी गडचिरोलीकडची, हिवतापाच्या मुलखातली. आमचा एखादा पूर्वज या अक्षराच्या बळावर तापातून उठलाही असेल.

परंतु दोन्ही प्रती बदललेल्या असल्या, की प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या अडवतात. आमच्या एका भाचीला त्या वेदनेने रात्रभर तळमळताना आम्ही पाहिले आहे. तिच्या उशाशी बसून या अक्षराचे कौतुक करण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. अक्षर तेच, एकदा आले तर पाठभेद, दोनदा आले तर अपपाठ.

आम्हां दोघांच्या बाबतीत प्रत्येक गर्भधारणेत तसे मूल होण्याची शक्यता चारात एक. गर्भाची तपासणी करून घेतली. अहवाल येईपर्यंत घरात आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही. मुलीची नोंदही ‘एएस’च आली.

“कुठे बोलू नका, पुढे लग्नाला अडेल,” असे वडीलधाऱ्यांनी बजावले. जोडीदार वाहक नसेल, तर तिच्या मुलांना हा आजार होणार नाही. म्हणून दडवण्यातच खरा धोका आहे. चिकित्सक आवृत्तीत पाठभेद खोडत नाहीत, तळटीपेत नोंदवतात. मुलगी जाणती झाली, की ती टीप आम्हीच तिच्यापुढे ठेवू.