भिंतीच्या आतील वाटणी

ज्याच्या घरी द्राक्षासवाखेरीज दुसऱ्या मद्याचा प्रवेश झाला नाही, आणि तेही वैद्यांनी सांगितले म्हणून दोन चमचे पाण्याबरोबर, अशा गृहस्थाने फ्रान्समधील तांबड्या मद्यावर लिहावे याचे वाचकांस नवल वाटेल. माझा अधिकार चवीचा नाही, शेताचा आहे. जळगावपासून तीन-चार कोसांवर एका नाल्याच्या काठी आम्हा तिघा भावांचे नऊ एकर शेत आहे, आणि गेले वर्षभर त्याच्या वाटणीचा विषय घरात कोणास सुखाने जेवू देत नाही. अशा दिवसांत बर्गंडी प्रांतातील ‘क्लो द वूजो’ या मळ्याची हकीकत माझ्या वाचनात आली.

‘क्लो’ म्हणजे कुंपणाने वेढलेला मळा. १०९८ साली स्थापन झालेल्या सितो येथील ख्रिस्ती मठाच्या साधूंनी बाराव्या शतकात येथे द्राक्षवेली लावल्या. कोणी दान दिलेली, कोणाकडून विकत घेतलेली अशी पट्टी पट्टीला जोडीत त्यांनी सुमारे ५० हेक्टरांचा, म्हणजे सव्वाशे एकरांचा, सलग मळा केला आणि त्याभोवती दगडी भिंत घातली. ती भिंत आजही उभी आहे. द्राक्षे दाबून रस काढण्याची त्यांची प्रचंड लाकडी यंत्रेही तेथे पाहावयास मिळतात.

परंतु माझे लक्ष वेधले ते जमिनीच्या उताराने. मळ्याचा वरचा भाग चुनखडीच्या खड्यांचा व उथळ मातीचा. तेथे पाणी ठरत नाही. खाली रस्त्याकडे माती चिकण व जड, पावसाळी वर्षी पाणी धरून बसणारी. साधू वरचा, मधला व खालचा रस एकत्र करून मद्य सिद्ध करीत, असे परंपरेने सांगतात. एकाचे उणे दुसऱ्याने भरून निघे.

या मद्याची थोरवी त्याच्या वयात आहे. नवे असता ते आवळ्यासारखे तुरट लागते. ही तुरटी द्राक्षाच्या सालीतून व बियांतून येते. चांगल्या सालातील बाटली थंड, अंधाऱ्या तळघरात दहा-वीस वर्षे आडवी पडून राहिली म्हणजे ती तुरट द्रव्ये एकमेकांस बिलगतात, काही गाळ होऊन खाली बसतात. माणकासारखा रंग विटकरीकडे झुकतो आणि चव मऊ होते. आसव जुने तितके गुणकारी असे आपले वैद्यही म्हणतात, तेव्हा ही कल्पना आपणांस परकी नाही. मात्र बाटली भरणारा हात आणि ती उघडणारा हात पुष्कळदा एका पिढीचे नसतात.

फ्रेंच राज्यक्रांतीत मळा सरकारजमा झाला व १७९१ साली विकला गेला. तरीही जवळजवळ शंभर वर्षे तो एकाच मालकीत टिकून राहिला. १८८९ साली मात्र तो तुकड्यांनी विकला गेला. त्या देशात १८०४ च्या दिवाणी संहितेपासून सर्व मुलांस वारसा मिळतो, त्यामुळे तुकड्यांचे आणखी तुकडे झाले. आज त्या एका भिंतीच्या आत सुमारे ८० मालक नांदतात. एखाद्याच्या वाट्यास वेलींच्या काही ओळीच आलेल्या असतात. बाटलीवर नाव सर्वांच्या एकच. खाली मालकाचे नाव बारीक अक्षरांत. जाणते गिऱ्हाईक ती बारीक अक्षरे आधी वाचते.

एवढे तुकडे होऊनही नाव टिकले याचे पुष्कळांस कौतुक वाटते. मला ते वाटत नाही. नाव टिकले, मिश्रण मोडले. ज्याच्याकडे वरची व खालची अशा दोन्ही जमिनी आल्या तो अजून थोडेबहुत जुळवून घेतो. ज्याच्याकडे केवळ रस्त्याकडची चिकण माती, त्याने काय करावे?

आमच्या शेताचाही वरचा भाग मुरमाड आहे व खालचा काळाभोर. पाऊस फार झाला की खालची कपाशी पिवळी पडते आणि वरची बरी येते. पावसाने ओढ दिली की वरची सुकते, खालची तग धरते. वडिलांच्या हयातीत घरात कापूस आलाच नाही असे एकही वर्ष गेले नाही, याचे श्रेय आम्ही त्यांच्या नशिबास देत असू! दादांचे म्हणणे, आडवे तीन तुकडे पाडावेत. धाकट्याचे म्हणणे, उभ्या पट्ट्या पाडाव्यात, म्हणजे प्रत्येकास मुरूमही मिळेल व काळीही. न्याय याच बोलण्यात आहे. परंतु अरुंद उभ्या पट्टीत नांगर उताराच्या दिशेने चालणार आणि दोन-चार पावसाळ्यांत वरची माती नाल्यात जाणार, हे दादांचे उत्तर खोटे म्हणता येत नाही. (बहिणीने हक्कसोड लिहून दिला आहे, शेताविषयी तिचे मत कोणी विचारले नाही.)

मी मधला. वूजोची हकीकत सांगून मी सुचविले की शेत एकत्रच कसावे आणि कापूस तेवढा वाटून घ्यावा. सगळे क्षणभर गप्प झाले. मग वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, ते ठीक, पण खर्चाचा हिशेब कोण ठेवणार?” साधूंना हा प्रश्न पडला नव्हता, त्यांना संसार नव्हते.

मोजणी पुढल्या महिन्यात आहे. दादांनी आडवा आणि उभा असे दोन्ही नकाशे काढून ठेवावयास सांगितले आहे.