घटांग ओलांडल्यावर

वाचकहो, परतवाडा मागे टाकून आपण धारणीच्या रस्त्याने घाट चढू लागलात की खिडकीबाहेर मेळघाट दाटत जातो आणि हातातल्या मोबाईलवरची रेंज मावळत जाते. याच रस्त्यावरील हरिसाल २०१६ मध्ये ‘डिजिटल गाव’ म्हणून देशभर गाजले. तरी घटांग ते सेमाडोह या जंगलात कित्येक वळणांवर फोन आजही मुका होतो. तरुणांना त्याचे अप्रूप वाटते. साठी ओलांडलेल्यांनी मात्र त्याची तयारी घरूनच करावी.

माझ्याकडे अनेक वर्षे उपचार घेणारे अमरावतीचे एक निवृत्त दांपत्य एका हिवाळ्यात कोलकासला निघाले. काकांनी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती. जेवण सिपना नदीकाठच्या विश्रामगृहात करायचे ठरले होते. वाटेत गवे दिसले, गाडी थांबली आणि दुपारचे दोन वाजले. काकांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. काकू मला फोन लावू लागल्या. गाडी मागे घे, पुढे घे, टेकाडावर चढ, यात पंधरा मिनिटे गेली. शेवटी चालकच म्हणाला, “आधी साखर द्या काकू, फोन मंग लावजा. माह्या मायलेबी असंच होते.” त्याच्याजवळच्या चहाच्या साखरेने काका सावरले. फोन लागला असता तरी मी याहून वेगळे काय सांगणार होतो?

ती पंधरा मिनिटे रेंज शोधण्याची नव्हतीच. रक्तातील साखर उतरल्याची ही लक्षणे दिसताच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावे, पंधरा मिनिटांनी सुधारणा नसल्यास पुन्हा द्यावे आणि बरे वाटताच जेवू घालावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. रुग्णाला कुशीवर वळवून गाडी जवळच्या दवाखान्याकडे न्यावी. या रस्त्याच्या एका टोकाला अचलपूरचे, तर दुसऱ्या टोकाला धारणीचे उपजिल्हा रुग्णालय आहे.

फोनविषयी थोडेसे. रेंज शोधण्यात बॅटरी झपाट्याने संपते; म्हणून जंगलात तो विमान मोडवर ठेवावा. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर आवाक्यात असल्यास ११२ लागू शकतो, तेव्हा प्रयत्न जरूर करावा. बोलणे जमत नाही तेथे कधी साधा एसएमएस पोहोचतो. अकोटहून नरनाळा चढणाऱ्या अकोलेकरांनाही हेच लागू, आणि मुलाकडे अमेरिकेत जाऊन यलोस्टोन पाहणाऱ्यांनाही. त्या अफाट उद्यानाच्या बहुतांश भागात मोबाईल चालत नाही. तेथे आपत्कालीन क्रमांक ९११ आहे, एवढे लक्षात असू द्यावे.

घरी राहणाऱ्यांचा जीव मात्र वेगळ्याच कारणाने टांगणीला लागतो. त्या दिवशी काका जेवून निवांत झाले होते आणि पुण्यातला मुलगा मला तिसऱ्यांदा फोन करीत होता. परतवाडा सोडताना एक फोन, पुढचा कधी आणि कोठून, तोवर निरोप न आल्यास विश्रामगृहाला विचारायचे की गाडीमालकाला, हे आधीच ठरलेले असते तर त्याची दुपार सुखाची गेली असती.

यंदा ते दोघे पुन्हा चिखलदऱ्याला निघाले आहेत. परवा काकू एक चिठ्ठी घेऊन दवाखान्यात आल्या: काकांचे आजार, गोळ्या, मुलाचा क्रमांक, सारे ठळक अक्षरांत. मी एका गोळीची मात्रा दुरुस्त केली. चिठ्ठी त्यांनी काकांच्या खिशात ठेवली आणि साखरेची डबी स्वतःच्या पर्समध्ये.